मामाचे स्पीकर, माझा अ‍ॅम्प्लिफायर आणि उजव्या बाजूचे 4 ओहम

8 जून 2024, शनिवार. नौपाडा, ठाणे

ऐरोलीहून ठाणं म्हणजे मध्ये एक दिघा गाव, की आलंच. पण पाठीवर साडेसहा किलोचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन लोकलमध्ये उभं राहिलं की तेच अंतर पनवेलएवढं वाटतं. निम्मं वजन ट्रान्सफॉर्मरचं.

काम असं ठरलंय. 7 सप्टेंबरला गणपती. मामाचा जुना अ‍ॅम्प्लिफायर गेल्या पावसाळ्यात बसला, तो बसलाच. त्याचे हॉलमधले मोठे स्पीकर माझ्या अ‍ॅम्प्लिफायरवर चालवायचे आणि आतल्या खोलीतही आवाज न्यायचा, कारण आरतीला निम्मी मंडळी आतच असतात.

माझ्याकडे काय आहे ते लिहून ठेवते. एलएम 3886 या आयसीचे (चिपचे) दोन चॅनल, मी स्वतः बांधलेले. ट्रान्सफॉर्मर 18-0-18, 5 अ‍ॅम्पिअरचा, त्यामुळे डीसी अधिक-उणे 25 व्होल्टच्या आसपास. ऐरोलीच्या घरी 8 ओहमच्या छोट्या स्पीकरांवर वर्षभर निमूट चालला.

मामाकडे काय आहे: 1980 च्या दशकात त्याने आणि ऑफिसातल्या मित्राने मिळून केलेले प्लायवुडचे दोन खोके. बंद पेटी, खालच्या सुरांना 10 इंची वूफर, मध्ये मिडरेंज, वरच्या सुरांना ट्वीटर. पाठीमागे मामाच्या अक्षरात कागद चिकटवलाय, "8 ओहम, 40 वॉट". आतल्या खोलीत एका जुन्या मिनी सिस्टिमचे दोन स्पीकर, त्यांच्यावर 4 ओहम छापलेलं. तिथपर्यंतची वायर पूर्वीच पाइपातून गेलेली आहे.

माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला ए-बी स्विच, म्हणजे दोन जोड्यांतली एक निवडायचा खटका, नाही. म्हणून दोन्ही जोड्या एकाच टर्मिनलवर, समांतर. हळू आवाजात झकास. मामाने पखवाजाचं काहीतरी लावलं आणि खुंटी अर्ध्यावर नेली, तर उजव्या स्पीकरमधून कडकड कडकड, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी. आवाज कमी केला की थांबायची. दहा मिनिटांत हीटसिंकवर (आयसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) हात ठेववेना.

मामाने खुर्चीतूनच निदान केलं. "अगं, तुझं इम्पिडन्स जुळत नाहीये."

इम्पिडन्स म्हणजे स्पीकर एसी करंटला करतो तो विरोध, ओहममध्ये. 8 ला 4 समांतर म्हणजे 2.67 ओहम, हे मला जोडतानाच माहीत होतं. तरी जोडलं. नोंदवही आहे म्हणून लिहिते: आळस.

9 जून, रविवार

सकाळचा चहा आणि वाद. मामाची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली. त्याच्या लेखी इम्पिडन्स जुळवणं म्हणजे 600 ओहमच्या लाइनला 600 ओहमचंच टोक. तो विचारत होता, "स्पीकर 8 चा, तर अ‍ॅम्प्लिफायरही 8 चा हवा. तुझा किती ओहमचा?"

मी म्हटलं, मोजूनच दाखवते. 8 ओहमचा 50 वॉटवाला वायरवाउंड रेझिस्टर बरोबर आणला होता. फोनवरून 1000 हर्ट्झचा सूर दिला. टर्मिनलवर काहीही न जोडता 4.00 व्होल्ट. रेझिस्टर जोडल्यावर 3.97. म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातला इम्पिडन्स 0.06 ओहम. मामाने स्वतः आकडेमोड केली, दोनदा, आणि मग चष्मा काढून ठेवला.

त्याचं म्हणणं खोटं नाही, फक्त ते दुसऱ्या यंत्राचं आहे. व्हॉल्व्हच्या रेडिओत ईएल 84 सारख्या नळीला साधारण 5,200 ओहमचा भार लागायचा आणि स्पीकर असायचा 4 ओहमचा. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर, वेढ्यांचं गुणोत्तर 36 ला 1. 36 चा वर्ग म्हणजे जवळजवळ 1,300, आणि 1,300 गुणिले 4 म्हणजे 5,200. तिथे खरोखर जुळवाजुळव होती, म्हणूनच व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला मागे 4, 8, 16 अशी वेगवेगळी टर्मिनल्स असतात. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ती भानगड नाही. तो ठरलेलं व्होल्टेज देतो, आणि स्पीकर आपल्या इम्पिडन्सप्रमाणे हवा तेवढा करंट ओढतो. दोन्ही बाजू सारख्या केल्या तर निम्मी शक्ती अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच जळेल. शिवाय वूफरच्या कोनवर (हलणाऱ्या पडद्यावर) अ‍ॅम्प्लिफायरची जी पकड असते तीही सुटेल.

तेव्हा आपल्याकडे "जुळवणं" याचा अर्थ एवढाच: स्पीकर जो करंट मागेल तो द्यायची ताकद अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हवी. जास्त ओहम चालतात, फक्त आवाज थोडा कमी होतो. कमी ओहम महागात पडतात.

किती महागात, तेही काढलं. 50 व्होल्टच्या एकूण पुरवठ्यावर आयसीत जास्तीत जास्त किती उष्णता होईल याचं सूत्र आहे: पुरवठ्याचा वर्ग भागिले 2 पाय-वर्ग गुणिले भार. 8 ओहमला सुमारे 16 वॉट. 4 ला 32, आणि 2 ला 63. एका आयसीत. दोन आयसी एकाच हीटसिंकवर आहेत आणि तो हीटसिंक मी 8 ओहम धरून घेतला होता.

मामीने मध्येच येऊन विचारलं, "मग लागणार की नाही गणपतीला?" लागणार, म्हटलं.

16 जून, रविवार

आज साधं काम. अ‍ॅम्प्लिफायर बाजूला, स्पीकरच्या वायरी सोडवल्या, मल्टिमीटर ओहमवर लावला.

मल्टिमीटर दाखवतो तो डीसी रेझिस्टन्स. इम्पिडन्स नव्हे. 8 ओहमच्या स्पीकरला साधारण साडेपाच ते सात दाखवतो, 4 च्या स्पीकरला तीन ते साडेतीन. त्यामुळे 6 दिसलं म्हणून स्पीकर 6 ओहमचा समजू नये. आधी मीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करायचा. माझ्या पिवळ्या मीटरच्या काड्याच 0.4 ओहमच्या आहेत.

हॉलचा डावा: 6.3.
हॉलचा उजवा: 3.7.

पुन्हा मोजलं. काड्या बदलल्या, टर्मिनल घासून घेतलं. 3.7.

एकाच दिवशी, एकाच प्लायवुडातून, एकाच दुकानातून आणलेल्या सामानाचे दोन स्पीकर, आणि एक 8 चा तर एक 4 चा? मामाला विचारलं. त्याने आधी नाही म्हटलं, मग आठवलं. मुलीच्या लग्नाच्या वेळी उजवा वूफर फाटला होता, कोन आणि कॉइल बदलून आणली होती. कुठून? "होता एक जण." कॉइल किती ओहमची घातली, हे त्याने सांगितलं नाही आणि मामाने विचारलं नाही.

मग मामी म्हणाली, "उजवा जास्त वाजतो. मी नेहमी ती खुंटी डावीकडे करून ठेवते."

जुना अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावरून काढला. बॅलन्सची खुंटी खरंच दहाच्या काट्यावर. तिच्याभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम त्याच जागी घासून गुळगुळीत झालेलं. व्होल्टेज तेच आणि ओहम निम्मे, तर शक्ती दुप्पट, म्हणजे 3 डेसिबल. मामीच्या कानाने ते मीटरशिवाय पकडलं होतं आणि आम्ही दोघं इलेक्ट्रॉनिक्सवाले पाठीमागची चिठ्ठी वाचत बसलो होतो.

आतल्या खोलीचे दोन्ही 3.4. छापलंय ते खरं आहे.

23 जून, रविवार

आजचा दिवस इम्पिडन्सचा वक्र (कोणत्या सुराला किती ओहम) काढण्यात गेला, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग.

पिवळ्या मीटरची एसीची सगळ्यात लहान रेंज 200 व्होल्ट, त्यावर अर्धा व्होल्ट मोजणं म्हणजे तराजूवर मोहरीचा दाणा ठेवणं. मी रबाळ्याला कॅलिब्रेशनमध्ये काम करते, तिथून साहेबांना विचारून 9 जूनला वापरलेला चांगला ट्रू आरएमएस मीटर पुन्हा दोन दिवसांसाठी आणला. रजिस्टरमध्ये सही करून.

जोडणी अशी: अ‍ॅम्प्लिफायर, मग 10 ओहमचा रेझिस्टर, मग स्पीकर, सगळं एकापाठोपाठ. फोनमधून एकेक सूर द्यायचा. रेझिस्टरच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज मोजायचं, मग स्पीकरच्या दोन टोकांवरचं. दोघांतून करंट तोच जातो, म्हणून स्पीकरचं व्होल्टेज भागिले रेझिस्टरचं व्होल्टेज गुणिले 10, झाला इम्पिडन्स. रेझिस्टरवर 0.500 आणि स्पीकरवर 0.340, तर 6.8 ओहम. आवाज अगदी हळू ठेवायचा. एक तर मोजमाप स्वच्छ येतं, दुसरं म्हणजे 1000 हर्ट्झची एकसुरी शिट्टी शेजारच्या काकूंना पाच मिनिटांच्या वर सहन होत नाही.

मामा वही घेऊन बसला, टेलिफोन खात्याच्या जुन्या डायरीत आकडे लिहीत. मी हर्ट्झ सांगायची आणि दोन व्होल्टेजं, तो भागाकार करायचा. कॅल्क्युलेटर नको म्हणाला.

डावा: 20 हर्ट्झला 8.1, तिथून चढत 54 हर्ट्झला 29 ओहम! मग उतरत 120 ला 8.2, 180 ला 6.8, तोच सगळ्यात खालचा बिंदू. पुढे 600 ला 9, 2000 ला 10, 5000 ला 7.2.

54 हर्ट्झचा तो डोंगर म्हणजे पेटीतल्या वूफरचा स्वतःचा झोका. तिथे कोन आपणहून जोरात हलतो, हलताना कॉइलमध्ये उलटं व्होल्टेज तयार होतं आणि करंट अडतो. बंद पेटीला असा एक डोंगर येतो, भोकवाल्या पेटीला दोन. मामाने आकडे जोडून पेन्सिलीने रेघ काढली आणि म्हणाला, "म्हणजे 8 ओहम कुठेच नाही." आहे, पण येताजाता. 8 हे त्या स्पीकरचं आडनाव समज, म्हटलं. आंतरराष्ट्रीय मानकाची अट एवढीच की सगळ्यात खालचा बिंदू त्या आकड्याच्या 80 टक्क्यांखाली जाऊ नये. 8 असेल तर 6.4. डाव्याचा 6.8, म्हणजे पास.

उजवा: डोंगर 50 हर्ट्झला, फक्त 15 ओहमचा. 180 ला 4.1. चारशेच्या पुढे जवळजवळ डाव्यासारखाच, कारण मिडरेंज आणि ट्वीटर मूळचेच आहेत. खालचा बिंदू 4.1, आणि 4 च्या स्पीकरला 3.2 पर्यंत मुभा. तेव्हा हाही सज्जनच, फक्त खोट्या नावाने राहतोय.

आतल्या खोलीचा स्पीकर 180 हर्ट्झला 3.7, आणि त्यात वायर. पाइपातली वायर 0.75 चौरस मिलिमीटरची, तिचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे 0.026 ओहम. अंतर 11 मीटर, जाऊन-येऊन 22, म्हणजे 0.57 ओहम. आतल्या खोलीला जाणाऱ्या शक्तीतला सात-आठवा हिस्सा भिंतीच्या पाइपात संपतो.

आता 8 जूनची कडकड समजते. उजवा 4.1 आणि आतला वायरसकट 4.3, समांतर 2.1 ओहम. माझ्या पुरवठ्यावर शिखराला 20 व्होल्ट मिळतात, 20 भागिले 2.1 म्हणजे साडेनऊ अ‍ॅम्पिअर. एलएम 3886 ची करंटची मर्यादा किमान 7, साधारणपणे 11.5 अ‍ॅम्पिअर, आणि त्याच्या आत एक रखवालदार बसलेला असतो, जो करंट, व्होल्टेज आणि तापमान तिन्ही बघतो. तो आडवा आला की लाट मध्येच कापली जाते. गारांचा आवाज त्याचा. पोटातलं तापमान 165 अंशांवर गेलं की तर तो सगळंच बंद करतो. डाव्या बाजूला 6.8 आणि 4.3 मिळून 2.6 येतात. तीही काही चांगली गोष्ट नाही, पण जरा उशिरा रडणारी.

30 जून, रविवार

उजवी पेटी उघडली. आत कापूस, एक झुरळ (दिवंगत), आणि क्रॉसओव्हरचा (तिघांना आपापले सूर वाटून देणाऱ्या सर्किटचा) लाकडी तुकडा. वूफरला 2.5 मिलिहेन्रीची कॉइल, मिडरेंजला 40 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. मामा कंडेन्सरच म्हणतो, मीही मग तेच म्हणते. ट्वीटरला 4.7.

ही कॉइल 8 ओहमच्या वूफरला 500 हर्ट्झवर कापते. तिच्यामागे 4 चा वूफर आला की ती 250 वरच कापायला लागते. मिडरेंज मात्र 500 पासूनच हजर. म्हणजे 250 ते 500 मध्ये उजव्या बाजूला खड्डा, आणि नेमके पुरुषांच्या आवाजाचे आणि हार्मोनियमचे बरेच सूर त्यात पडतात. खाली 3 डेसिबल जास्त, मध्ये खड्डा. इतकी वर्षं मामा म्हणत होता की उजव्या स्पीकरमध्ये गाणारा सर्दी झाल्यासारखा वाटतो.

तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरने 4 ओहम सहन केले तरी हा वूफर तसाच ठेवण्यात अर्थ नाही. दोन्ही कंडेन्सर काढून मोजले: 40 चा 46 झालेला, दुसऱ्या पेटीतला 44. बदलायचे.

7 जुलै, रविवार

पाऊस. गेले नाही.

13 जुलै, शनिवार. लॅमिंग्टन रोड

ठाण्याहून दादर, दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वे, ग्रँट रोडला उतरून चालत. वूफर छत्रीपेक्षा जास्त काळजीने झाकलेला.

वूफर नवा घ्यावा की हाच रिकोन करावा, म्हणजे जुन्या सांगाड्यात नवा कोन आणि कॉइल बसवावी? 10 इंची नवे मिळतात, पण एकटा नवा घातला तर डाव्याशी जुळणार नाही, जोडी घेतली तर पेटीचं माप, डोंगराची जागा, सगळं नव्याने. जुन्याचं चुंबक आणि सांगाडा अस्सल आहे. रिकोन.

एका जिन्याखालच्या टपरीवजा दुकानात एक गृहस्थ हेच काम करतात. वूफर हातात घेऊन कोन दोन बोटांनी दाबला, कान लावला आणि म्हणाले, "ताई, कॉइल चारची आहे."

"माहीत आहे. आठची घालायची आहे."

"मग आधी चारची का घातली?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी डाव्या वूफरचे आकडे कागदावर लिहून नेले होते: कॉइलचा व्यास 25 मिलिमीटर, डीसी 5.8, कोनची खोली. त्यांनी तीन कॉइली काढून मीटर लावला, 5.7 ची निवडली. व्यास चुकला तर कॉइल फटीत घासते, आणि ओहम चुकले तर काय होतं ते आम्हाला कळलंच आहे.

बघत उभी राहिले. जुना कोन कापून काढला, फट सेलोटेपने साफ केली. टेप आत घालून बाहेर काढायचा, लोखंडाचा कीस त्याला चिकटून येतो. मग कॉइल बसवली आणि तिच्या आत जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या सरकवल्या, म्हणजे डिंक सुकेपर्यंत ती बरोबर मध्यावर राहते. कुणाच्या तरी बरगड्यांच्या चार पट्ट्या. बोलणं एक नाही, फक्त हात.

900 रुपये, शनिवारी न्यायला या. पावती मागितली तेव्हा हसले.

21 जुलै, रविवार

वूफर काल आणला, आज बसवला. दोन्ही पेट्यांत नवे कंडेन्सर, मिडरेंजला 40 आणि ट्वीटरला 4.7. क्रॉसओव्हरची कॉइल तीच.

उजव्याचा नवा वक्र: डोंगर 61 हर्ट्झला, 26 ओहम. खालचा बिंदू 6.7. डाव्याचा डोंगर 54 ला आहे, पण नवा कोन ताठ असतो, वाजून सैलावेल. मामाच्या डायरीत दोन्ही रेघा एकावर एक काढल्या, शंभराच्या पुढे पेन्सिलीची जाडीच काय तो फरक.

फक्त हॉलची जोडी लावून 8 जूनचाच पखवाज, खुंटी त्याच जागी. गारा नाहीत. गाणाऱ्याची सर्दी गेली. मामा काही बोलला नाही, पण तीच तबकडी दुसऱ्यांदा लावली.

4 ऑगस्ट, रविवार

आता आतली खोली. तिथले 4 ओहमचे स्पीकर या अ‍ॅम्प्लिफायरला समांतर लावायचे नाहीत, हे ठरलं. उजवा सुधारला तरी 6.7 आणि 4.3 मिळून 2.6 च येतात.

मामा: "मग मालिकेत लाव." हॉलचा आणि आतला एकामागोमाग एक लावले तर ओहम वाढतील हे खरं, पण मग व्होल्टेजची वाटणी दोघांच्या वक्रांप्रमाणे होते. 54 हर्ट्झला हॉलचा 29 चा डोंगर सगळं गिळणार आणि वर आतल्याला जास्त मिळणार. दोन सारखे स्पीकर असते तर चाललं असतं. आणि एकाची वायर निघाली की दोन्ही गप्प.

मामा: "मग 4 ओहमचा रेझिस्टर घाल आतल्याला." अ‍ॅम्प्लिफायर वाचेल, पण निम्मी शक्ती रेझिस्टर तापवण्यात. शिवाय आतल्या स्पीकरचा डोंगर 110 हर्ट्झला 20 ओहमचा. तिथे त्याला 83 टक्के व्होल्टेज मिळेल आणि जिथे तो 4 चा आहे तिथे 50 टक्के. म्हणजे 110 च्या आसपास साडेचार डेसिबल जास्त. डग्गा घुमत राहील, आणि आरतीतली झांज मागे पडेल.

त्याने तिसरा पर्याय सुचवायच्या आत मी सांगितलं: आतल्या खोलीला वेगळा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. टीपीए 3116 चा तयार बोर्ड माझ्याकडे पडून आहे, डी वर्गाचा, 4 ओहमसाठीच योग्य, आणि पुरवठ्याला जुन्या लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अडॅप्टर. हीटसिंक बोटाएवढा. सिग्नल दोघांना एकाच ठिकाणाहून. तिथे ओझ्याचा प्रश्न नाही, कारण देणाऱ्याचा इम्पिडन्स काही शे ओहम आणि घेणाऱ्यांचा हजारांत.

11 ऑगस्ट, रविवार

बोर्ड लावला. दिवा लागला. आवाज शून्य. बंद करून चालू केला, एक टक् आणि पुन्हा शून्य.

टेबलावर थेट स्पीकर लावून पाहिला, छान वाजतो. म्हणजे दोष वायरिंगमध्ये. मीटर घेऊन पाइपाच्या दोन्ही टोकांना बसलो, मामा आत, मी हॉलमध्ये, ओरडून संवाद. दुपारची झोप मोडलेली मामी दारात उभी.

पाइपात चार नाही, तीनच वायरी आहेत. डावी, उजवी, आणि दोघांची मिळून एक काळी. त्या काळात वायर वाचवायला असंच करायचे आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर ते चालायचंही, कारण त्याचं उणे टर्मिनल म्हणजे सरळ ग्राउंड. या बोर्डाचं तसं नाही. याच्या दोन्ही टर्मिनलना अ‍ॅम्प्लिफायर आहे, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली, आणि शांत असताना दोन्ही ग्राउंडपेक्षा साडेनऊ व्होल्ट वर उभे असतात. उणेला ग्राउंड समजायचं नाही. मी दोन उणे एकत्र बांधले होते, आणि कहर म्हणजे त्या काळ्या वायरचा एक फाटा अजून माझ्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या काळ्या टर्मिनलवर होता. साडेनऊ व्होल्ट थेट ग्राउंडला. बोर्डाने शहाणपणाने मान खाली घातली. धूर नाही, वास नाही. सुटले.

दोन महिने लोकांना ओहम शिकवणाऱ्या बाईने वायरी मोजल्या नव्हत्या.

18 ऑगस्ट, रविवार

जुन्या तीन वायरींना बांधून नव्या चार ओढल्या, 1.5 चौरस मिलिमीटरच्या. कोपऱ्यावर अडकल्या. मामीने साबणाचं पाणी सुचवलं आणि मामाने स्वयंपाकघरातून नारळाचं तेल आणलं. मी दोन्ही नाकारून टाल्कम पावडर वापरली, तेलाने वायरीचं आवरण खराब व्हायची भीती. तीन तास. वायरीचा रेझिस्टन्स आता 0.57 च्या जागी 0.29.

वाजलं. दोन्ही खोल्यांत, गारांशिवाय.

27 ऑगस्ट, मंगळवार

दहीहंडी. ठाण्यात आज मोजमाप करायचं म्हणजे समुद्रात चमचा घेऊन बसणं. खिडकीची काचच 60 हर्ट्झला थरथरत होती.

1 सप्टेंबर, रविवार

शेवटची चाचणी. एक तास मोठ्या आवाजात. खोली 31 अंश, हीटसिंक 46 अंश. 8 जूनला मोजायलाही हात टेकवत नव्हता.

गल्लीतल्या मंडळाचे दोन कार्यकर्ते आले, आवाज ऐकून. त्यांचा सेट बिघडलाय, दोन कर्णे चालतील का यावर? कर्णे बघितले. 100 व्होल्ट लाइनचे, आत ट्रान्सफॉर्मर, 10 वॉटच्या टॅपवर. 100 चा वर्ग भागिले 10 म्हणजे 1,000 ओहम. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला काहीच होणार नाही, पण कर्ण्यातूनही काही येणार नाही, अर्धा वॉटसुद्धा नाही. त्यांना पटेना, लावून दाखवलं. कर्ण्यातून डास बोलल्यासारखं आलं. मामा त्यांना 600 ओहमबद्दल सांगायला लागला, तेव्हा ते चहा अर्धा सोडून गेले.

उरलेलं काम: पेट्यांच्या मागची चिठ्ठी. मामाने स्वतः नवी लिहिली, "नाममात्र 8 ओहम, किमान 6.7, 180 हर्ट्झला", खाली तारीख.

7 सप्टेंबर, शनिवार

आरती झाली. आत-बाहेर मिळून पंचवीस-तीस माणसं, टाळ, झांजा, दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर कोमट. छोट्या बोर्डाचा अडॅप्टर बाप्पाच्या मखरामागे लपवलाय, संध्याकाळी तिथून वेगळा काढायचा, माळेच्या दिव्यांशी विजेच्या एकाच बोर्डावर नको.

बॅलन्सची खुंटी मी सकाळी बरोबर मध्ये लावली होती. दुपारी पाहिली तर दहाच्या काट्यावर. मध्ये आणली. मोदक खाऊन आले तर पुन्हा दहावर.

मामीला म्हटलं, "अगं, आता दोन्ही सारखे वाजतात, मोजलंय मी."

"असतील," ती म्हणाली, "पण माझी खुर्ची उजव्याला लागून आहे ना."

खुर्चीची जागा मी 16 जूनला लिहिलीच नव्हती. आत्ता मोजली: उजव्या स्पीकरपासून सव्वा मीटर, डाव्यापासून तीन.